आधी तो बोल्ट काढा

अक्काच्या नंबरावरून फोन आला आणि पलीकडून शिवी आली नाही, तेव्हाच मला कळलं. एरवी तिचा फोन उचलला की "मेलास का रे?" इथूनच सुरुवात व्हायची. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेला माल उतरवून घेत होतो, समोर ट्रकचा ड्रायव्हर चलनावर सहीसाठी खोळंबला होता, आणि कानाला लावलेल्या फोनमधून नुसता कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. "दाजी?" मी विचारलं. "हां," ते म्हणाले. मग काहीच नाही... आणि बऱ्याच वेळानं, "या पाव्हणं. सावकाश या. आता घाई न्हाई." माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं मला स्वतःहून केलेला तो पहिलाच फोन. आजवर त्यांच्या वाट्याचं बोलणं तीच बोलत आली होती.

मी चिखलीला अक्काच्या घरी पोचलो तेव्हा खोलीच्या दारात चपलांचा ढीग साचला होता आणि आतून बायकांचे आवाज येत होते. लई मायाळू होती हो, कुणाला कधी दुखवलं न्हाई, असं एक बाई डोळ्यांना पदर लावून सांगत होती. त्याच बाईला अक्कानं गेल्या दिवाळीत, नवी साडी दाखवायला ती आली असताना, "म्हशीवर झूल टाकल्यागत दिसतंय," असं तोंडावर सांगितलेलं मला ठाऊक होतं. ती बाई तेव्हा रडत घरी गेली होती. आता पुन्हा रडत होती, पण खोटं बोलत होती. माझी थोरली बहीण कमल मायाळू नव्हती. तिनं आयुष्यभर माणसं दुखवली, नेम धरून दुखवली, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. ती गेल्याला आता काही आठवडे झाले. हे आधी सांगितलं नाही तर हा लेख दुसऱ्याच कुणाच्या तरी बहिणीवरचा होईल.

आम्ही धाराशिवकडचे. लहानपणी मी अडखळत बोलायचो, अजूनही घाबरलो की अडखळतो. शाळेत पोरं माझी नक्कल करायची. अक्का माझ्याच शाळेत, वरच्या वर्गात. एक दिवस मधल्या सुट्टीत ती आली आणि सगळ्यांच्या मध्ये उभी राहून तिनं माझी अशी काही नक्कल केली, मान कशी झटकतो, डोळे कसे मिटतो, शब्द कुठे अडकतो, सगळं इतकं हुबेहूब, की पोरं पोट धरून लोळली. त्यानंतर माझी नक्कल करायचं सगळ्यांनी सोडून दिलं, कारण तिच्यापुढे कुणाचीच रंगेना. आई म्हणायची, बघ, तुझ्यासाठीच केलं तिनं. असेलही. मला मात्र आठवतं ते एवढंच, की घरी येताना ती रस्ताभर पुन्हा पुन्हा ती नक्कल करत होती, आणि तेव्हा बघायला आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

लग्न होऊन ती चिंचवडकडच्या चिखलीला आली. दाजी, बबनराव, प्रेस शॉपमध्ये कामाला होते. पत्र्याचे भाग दाबून काढायचं मशीन. माणूस इतका अबोल, की लग्नात नाव घ्यायच्या वेळीसुद्धा त्यांच्या वतीनं त्यांच्या मावसभावानं घेतलं आणि अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "मग लगीन पण ह्याच्याशीच लावा की." काही वर्षांनी त्या मशीननं दाजींच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा आणि पहिलं बोट राहिलं. आम्ही सगळे दवाखान्यात जमलो होतो. दाजींची आई छाती पिटत होती, मी भिंतीला टेकून उभा होतो. अक्का आली, पट्टी बांधलेला हात उचलून तिनं उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अंगठा ऱ्हायलाय न्हवं? मग झालं. सहीला तेवढा पुरतोय. शिक्षण तरी कुठं जास्त हाय?" सासूनं तिला शाप दिले. आणि पलंगावर पडलेले दाजी हसले. दुर्घटनेनंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते नुसतं पाणी उरलं, तेव्हा अक्का पाठ फिरवून खिडकीतून बाहेर बघत उभी राहिली.

पुढे कंपनीनं त्यांना ठेवलं नाही. त्यांनी एक जुनी पिकअप घेतली आणि कुदळवाडीतल्या लहान वर्कशॉपांमधून तयार झालेला माल चाकणच्या कंपन्यांना पोचवायचं काम सुरू केलं. गाडी दाजी चालवायचे, धंदा अक्का चालवायची. शेजारच्या सीटवर बसून ती रोज चाकणला जायची. गेटवरचा सिक्युरिटीवाला, मालात खोट काढणारा इन्स्पेक्टर, जेवायला गेलोय म्हणून तासभर गाडी अडकवून ठेवणारा स्टोअरवाला, ह्या सगळ्यांना तिनं असं काही सरळ केलं होतं, की पिकअप लांबून दिसली की गेट उघडायचं. मीही स्टोअरवालाच. "तू पन त्यातलाच," ती मला म्हणायची. "तुझ्या गेटवर कोन बाई येत न्हाई, म्हनून माजलायस." त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यावर कुणी हळहळून बोलायला लागलं, की अक्का त्याच्या पोरांची नावं घेऊन एकेकाचे गुण सांगायची, आणि हळहळणारा चहा अर्धा टाकून उठायचा.

त्यांच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या वळणावर, रफिकभाईंचं गॅरेज आहे. पिकअपचं सगळं काम त्यांच्याकडे. माणूस हुशार, हाताला चांगला, रोज संध्याकाळी चहाला अक्काकडे यायचा. त्यांची बायको भांडून माहेरी निघून गेली, त्या दिवसांतली गोष्ट. ब्रेकचं काम करून घेतलेली गाडी दुसऱ्याच दिवशी पुन्हा आवाज करायला लागली. अक्का गॅरेजवर गेली. चार गिऱ्हाइकं उभी, कामावरची माणसं बघतायत, आणि ती म्हणाली, "रफिक, बायको गेली ती बरोबरच गेली तुझी. एक नट तरी घट्ट पिळायला येतो का तुला?" माणसं हसली. रफिकभाई हसले नाहीत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि दाजींना म्हणाले, "बबनभाऊ, ही गाडी पुन्हा इथं आणू नका." त्या दिवसापासून ते चहालाही आले नाहीत. मी अक्काला म्हटलं होतं, हे वाईट झालं, जाऊन बोल एकदा. ती म्हणाली, "खोटं काय बोलले ते सांग आधी."

मग तिचं दुखणं आलं. छातीतली गाठ तिनं कुणाला सांगितली नव्हती. कळलं तेव्हा आजार हाडांत उतरला होता, पाठीच्या मणक्यात आणि खुब्यात. भोसरीकडच्या एका दवाखान्यात रोज किरणं द्यायला न्यावं लागणार होतं. माझ्या छोट्या कारमध्ये बसायचं तर खाली वाकावं लागे, ते तिला जमत नव्हतं. रिक्षात तर एकदाच बसली आणि अर्ध्या रस्त्यात उतरवायला लावलं. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाली, "मेल्यावर घाला त्यात." राहिली पिकअप. तिची सीट उंच आणि सपाट, दाजी तिला दोन्ही हातांवर उचलून बसवायचे, पाठीमागे उशा लावायचे. पण चिखलीपासून मोशीपर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. खड्डा, स्पीडब्रेकर, खोदून पुन्हा न बुजवलेला चर, पुन्हा खड्डा. आणि गाडीचे धक्के झेलणारे पुढचे शॉकअप पार गेलेले. एका खड्ड्यातून चाक वर आलं, की गाडी आपली खालीवर, खालीवर नाचत राहायची. प्रत्येक नाचण्याला अक्का किंचाळायची. साधंसुधं ओरडणं नव्हतं ते. मी एकदा सोबत गेलो होतो, आणि मोशीच्या आधी मला उतरून जावंसं वाटलं. पदराचा बोळा दातांत धरून ती बसायची, आणि बोळा निघाला की दाजींना म्हणायची, "गळा दाबा की त्यापरीस. पेट्रोल तरी वाचंल." गाडी डिझेलवर चालायची. तेही दाजी कधी बोलले नाहीत. ते नुसते पुढे बघत, अजून हळू, अजून हळू चालवायचे, आणि मागचे कर्कश हॉर्न वाजवत राहायचे.

दाजी रफिकभाईंकडे गेले. मी बरोबर होतो. रफिकभाईंनी सगळं ऐकून घेतलं. भाभींना काय झालंय ते त्यांना कळलेलं होतंच. ते म्हणाले, "गाडी लावा, आत्ता करून देतो. एक पैसा नको. पण त्यांना एकदा इथं आणा. माझ्या माणसांसमोर बोलल्यात, माझ्या माणसांसमोर परत घ्यायचं. गाडीतून उतरायचं पण नाही, बसल्या जागेवरून बोलू देत." दाजींनी मान डोलावली. मला ते मागणं रास्त वाटलं. आजही वाटतं. आम्ही घरी येऊन अक्काला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मरायच्या आधी कान धरून उठाबशा काढू व्हय?" ती म्हणाली. "उठाबशा म्हटलेलं न्हाई ग त्यानं," दाजी म्हणाले. "न्हाई जायची," ती म्हणाली, "नाचू द्या गाडी." दुसऱ्या कुठल्या गॅरेजला गाडी सोडायची, तर ती दोन दिवस तरी अडकणार, आणि किरणं तर रोजची. तेव्हा दाजी चिंचवडला गेले आणि शॉकअपची जोडी घेऊन आले. मला म्हणाले, "रविवारी या. मला एक हात कमी पडतोय."

त्या रविवारी दुपारी खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत आम्ही गाडी लावली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढून जॅकवर उचलली, खाली लाकडी पॅलेटचे जाड ठोकळे सरकवले आणि चाकं काढून बाजूला ठेवली. अक्कानं हट्टानं दारात खुर्ची टाकायला लावली होती. उशांमध्ये रुतून बसली होती, चेहरा हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा, पण डोळे टक्क उघडे. "सुरेश, जॅकच्या खाली डोकं घालू नको," ती म्हणाली. "घातलंस तरी फार नुकसान न्हाई म्हना." शॉकअप म्हणजे हातभर लांबीची एक नळी. खालून एका बोल्टनं धरलेली, वरून तिचा दांडा चेसिसमधून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, बाहेर आलेला आणि त्यावर रबर आणि नट. वरचा नट फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून एकानं दांडा घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं पाना फिरवायचा. दाजींच्या उजव्या हाताला ती पकड उरली नव्हती. त्यासाठीच मी. मी दांडा धरला, त्यांनी डाव्या हातानं नट सोडवला. वरचं काम झालं. खालचा बोल्ट मात्र गंजून आतल्या लोखंडी कडीशी, बुशशी, एकजीव झाला होता. आम्ही डिझेल सोडलं, गंजावरचा स्प्रे मारला, वाट बघितली, हातोडीनं ठोकलं. पाना लावला, पान्याला लोखंडी पाइप घातला आणि दोघांनी मिळून जोर लावला. हलेना.

ठोकण्याचा आवाज गॅरेजपर्यंत गेला असणार. रफिकभाई स्कूटरवर आले आणि रस्त्याच्या कडेला थांबले. उतरले नाहीत, एक पाय जमिनीवर टेकवून बघत राहिले. मला वाटलं, आता येतील. दाजींनीही हात थांबवला होता. एवढ्यात दारातून आवाज आला, "काय रे रफिक, फुकटात शिकायला आलास व्हय?" रफिकभाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचं ते रूप त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण त्यांचा चेहरा क्षणभर पडला... मग त्यांनी स्कूटर वळवली आणि निघून गेले. दाजी पुन्हा पाइपाला लोंबकळले. पाना सटकला. दाजी तोंडावर पडले आणि त्यांची उजव्या हाताची उरलेली दोन्ही बोटं पत्र्याच्या धारेवर घासली गेली. रक्त भळाभळा यायला लागलं. मी फडकं शोधत होतो, तेवढ्यात अक्का म्हणाली, "ऱ्हायलीयत ती पन घाला तितंच. कशाला ठेवताय?"

दाजींनी पाना खाली ठेवला. हळूच ठेवला. रक्ताळलेला हात डाव्या हातात धरून ते तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "कमल, तू मर एकदाची."

इतक्या वर्षांत मी त्यांना तिच्याशी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. आताही आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझा पहिलाच शब्द घशात अडकला तो अडकलाच. अक्का त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपल्याच तोडीचं कुणीतरी एकदाचं भेटलं, अशा नजरेनं ती बघत होती. मग म्हणाली, "मरते की. आधी तो बोल्ट तर काढा."

दाजींनी हाताला फडकं गुंडाळलं, गाडीखाली गेले, पाना बसवला, पाइप घातला आणि मला म्हणाले, "या." आम्ही दोघांनी अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, बोल्ट तुटला. तुटला नव्हता, सुटला होता. जुना शॉकअप बाहेर काढून दाजींनी दाबून दाखवला. आत गेला तो गेलाच, बाहेर यायचं नाव नाही. नवा उभा धरून त्यांनी चार-सहा वेळा खालीवर केला, आतली हवा निघावी म्हणून. अक्का म्हणाली, "आना हिकडं." दाजींनी तिच्या मांडीवर तो टेकवून धरला. तिनं दोन्ही तळवे ठेवून दाबायचा प्रयत्न केला. तसूभरही हलला नाही. "ह्यात जीव हाय," ती म्हणाली, आणि परत दिला. दुसऱ्या बाजूचं काम लवकर उरकलं. चाकं चढवून गाडी खाली घेतली. दाजींनी बॉनेटवर भार देऊन पुढची बाजू दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेलो. अक्का मध्ये, मी दाराकडे. पहिला खड्डा आला. दाजींनी श्वास रोखलेला मला ऐकू आला. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं आणि गाडी नाचली नाही. दाजींनी विचारलं, "कसंय?" अक्का म्हणाली, "गाडी सुधारली. बाई बिघडली." पुढच्या स्पीडब्रेकरला ती कण्हली, पण पदर तोंडात घातला नाही. त्याच्या पुढच्याला काहीच आवाज आला नाही. मी वळून पाहिलं तर तिची मान माझ्या खांद्यावर कलली होती. मग तिचा श्वास लागला कानाला. झोपली होती. कित्येक आठवडे ती सलग झोपलेली नव्हती, गोळ्या घेऊनही नाही. मोशीच्या चौकात दवाखान्यासाठी उजवीकडे भोसरीच्या दिशेला वळायचं. दाजींनी उजवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि गाडी डावीकडे घातली, चाकणच्या रस्त्याला. मी म्हटलं, "दाजी, तिची वेळ..." ते म्हणाले, "असू द्या."

ज्या रस्त्यानं ती वर्षानुवर्षं भांडायला गेली, त्याच रस्त्यानं आम्ही तिला झोपलेली घेऊन निघालो. इंद्रायणीचा पूल गेला, कंपन्यांच्या पाट्या गेल्या, तिनं सरळ केलेली गेटं गेली. चाकणला नेहमीसारखी तुंबलेली वाहनं होती. एरवी त्या चौकाला शिव्या घालत नाही असा माणूस नाही, पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही ती गर्दी सुटूच नये असं वाटत होतं. दाजी क्लच असा सोडायचे, की गाडी हलली हे बाहेर बघितल्याशिवाय कळू नये. माझा खांदा बधिर झाला होता. राजगुरुनगरच्या पुढे भीमेच्या पुलापाशी पुढच्या एसटीनं जोरात ब्रेक मारला, दाजींनाही मारावा लागला, आणि ती जागी झाली. बाहेर बघितलं. नदी बघितली. "दवाखाना हितं हलवला का?" तिनं विचारलं. "का घाट बघायला आनलंय मला? आधीच जागा धरून ठिवायची म्हनून?" दाजी हसायला लागले. मीही. आमचं हसू थांबेना, आणि ती आम्हा दोघांना चिखली येईपर्यंत शिव्या देत होती. तहान लागली होती, पाठ पुन्हा धरली होती, किरणांची वेळ टळली होती, आणि ह्या सगळ्याला दोन बिनडोक पुरुष जबाबदार होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात टळलेल्या वेळेवरून आम्हाला बोलणी बसली. मग डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, नवे फोटो पाहिले, आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, की आता किरणांचा उपयोग नाही, त्यांना इथवर आणण्याचा त्रास देऊ नका. दाजींनी विचारलं, "म्हंजी, उद्या आनायचं न्हाई?" "उद्याच नाही असं नाही," बाई म्हणाल्या, "आता नकोच." आतून स्ट्रेचरवरून आवाज आला, "बाहीर काय कुजबुजताय? मरनार मी आन् सांगताय दुसऱ्याला!" बाई आत गेल्या. अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. घरी जाताना, खुब्याच्या वेदनेनं तोंड वाकडं झालेलं असताना, ती एवढंच म्हणाली, "जोडी परत घेतोय का बघा त्यो दुकानदार. दोन दिस तर वापरलीय."

त्यानंतर ती पिकअपमध्ये बसली नाही. पुढचे दिवस मी लिहीत नाही, लिहिण्यासारखे ते नव्हते. दुखणं थांबवायचं औषध थोडा वेळ पुरायचं, मग पुरायचं नाही. लोक शांत मरणाच्या गोष्टी सांगतात, त्या मला आता ऐकवत नाहीत. दाजी तिच्या उशाशी बसून असायचे. शेवटच्या सकाळी ते ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होते, तर तिनं मान बाजूला घेतली आणि म्हणाली, "त्यो हात नको. टोचतोय. दुसरा लावा." दाजींनी फडकं डाव्या हातात घेतलं. त्यानंतर ती काही बोलली नाही. आलेली माणसं विचारत होती, जाताना काय म्हणाली? दाजींनी कुणाला काही सांगितलं नाही. मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, आणि वर म्हणाले, "टोचत असंल. खडबडीतच हाय त्यो."

स्मशानात रफिकभाई आले होते. फाटकाच्या बाहेर, स्कूटरला टेकून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो. ते म्हणाले, "शेवटपर्यंत परत घेतलं नाही ना भाभीनं?" मी म्हटलं, "नाही." "मीही माफ केलेलं नाही," ते म्हणाले. "करणार पण नाही. वाईट बोलल्या त्या." मी मान हलवली. धूर दिसायला लागला तरी ते तिथेच होते. मी विचारलं, "मग आलात कशाला?" ते म्हणाले, "घरी बसवेना."

गेल्या आठवड्यात दाजींनी मला बोलावलं. अक्कासाठी भाड्यानं आणलेली दवाखान्यासारखी लोखंडी खाट निगडीच्या दुकानात परत द्यायची होती. आम्ही दोघांनी ती पिकअपमध्ये चढवली. डोक्याकडची बाजू वर करायचा तिचा हँडल पहिल्या दिवसापासूनच मोडका होता. दुकानदाराला दोनदा फोन करूनही माणूस आला नव्हता, आणि दाजींनी सगळे दिवस तिला हातांवर उचलून बसतं केलं होतं. दुकानात मालकानं खाट उतरवून घेतली, चेहरा पाडला आणि म्हणाला, "गेल्या का? सुटल्या हो बिचाऱ्या." दाजी निघायला वळले होते. ते थांबले. अंगठा आणि एक बोट असलेला हात त्यांनी खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "ती न्हाई सुटली. तुमी सुटलात. ती उठून हितवर आली असती, तर ह्याच खाटंवर तुमाला झोपिवलं असतं, आन् हँडल तुमच्या हातात दिला असता." आतून एक गिऱ्हाईक बघायला बाहेर आलं. दाजी ताठ मानेनं गाडीत येऊन बसले. त्यांचे कान लाल झाले होते. किल्ली लावायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बरोबर बोललो का? ती असंच बोलली असती न्हवं?"

मी म्हटलं, "दाजी, ती त्याच्या आईबहिणीवर गेली असती."

त्यांनी किल्ली लावली. "हां," ते म्हणाले, "तितं कमी पडलो." आणि गाडी सुरू केली.